पहिलीतला मुलगा शाळेत अचानक चिडतो, ढकलतो आणि मग बाकाखाली जाऊन बसतो: काय करावे?

प्रश्न – पहिलीतल्या मुलाची आई, पिंपरी-चिंचवड

माझा मुलगा येत्या डिसेंबरात सहा वर्षांचा होईल. जूनपासून तो इथल्या एका सेमी इंग्रजी शाळेत पहिलीत जातो. त्याआधी तो साताऱ्याजवळच्या आमच्या गावी आजी-आजोबांकडे राहत होता आणि तिथल्याच बालवाडीत जात होता. तिथे मोजकी मुले होती, एक ताई होत्या आणि निम्मा वेळ अंगणात जायचा. इथे वर्गात पन्नासच्या आसपास मुले आहेत, बाकांच्या रांगा आहेत, बाईंच्या बऱ्याच सूचना इंग्रजीत असतात आणि फळ्यावरचे उतरवून घेण्याचे काम बरेच असते.

सुरुवातीला तो अगदी गप्प असे. गणपतीच्या सुट्टीनंतर मात्र डायरीत शेरे येऊ लागले. शेजारच्या मुलाला ढकलले, कंपास फेकली, स्वतःची वही फाडली, असे त्यात लिहिलेले असते. बाई रागावल्या की तो बाकाखाली शिरतो आणि काही केल्या बाहेर येत नाही. मागच्या आठवड्यात त्याने एका मुलीच्या हाताला चावा घेतला. त्यानंतर आम्हाला शाळेत बोलावून घेण्यात आले आणि 'डॉक्टरांकडून लिहून आणा, नाहीतर दुसरी शाळा बघा' असे सांगण्यात आले. त्याच दिवशी त्याला बराच वेळ वर्गाबाहेर उभे केले होते, हेही नंतर कळले.

घरी तो असा वागत नाही. मोबाईल काढून घेतला की रडारड होते, पण इमारतीतल्या मुलांबरोबर तो नीट खेळतो. रोज संध्याकाळी शेरा वाचून मी त्याला 'असे का केलेस' म्हणून विचारते, तेव्हा तो मान खाली घालून 'माहीत नाही' एवढेच म्हणतो. शहाण्यासारखे वागल्यास चॉकलेट, असेही करून पाहिले; त्याचा परिणाम फार टिकला नाही. सासूबाईंचे म्हणणे आहे की लाडाने बिघडला आहे, दोन धपाटे दिले की ताळ्यावर येईल. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय करायचे हेही नेमके सुचत नाही. हा काही आजार असेल का, आणि शाळेशी कसे बोलावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका (पहिली-दुसरी)

ताई, आपल्या राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होणे धरले जाते. त्यामुळे जूनमध्ये एकाच वर्गात साडेपाच वर्षांचे मूल आणि साडेसहा वर्षांचे मूल शेजारी शेजारी बसलेले असते. या वयात एका वर्षाचे अंतर फार मोठे असते. तुमचा मुलगा वर्गातल्या सर्वांत लहान मुलांपैकी आहे, हे बाईंच्या लक्षात आणून द्यावे. उसळलेला राग आवरणे, वाट पाहणे, हातातले काम सोडून दुसऱ्याकडे वळणे या गोष्टी मेंदूच्या ज्या पुढच्या भागावर अवलंबून असतात, तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत असतो. म्हणून या वयाचे मूल स्वतःच्या बळावर शांत होईल अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे. शेजारच्या मोठ्या माणसाच्या शांतपणाचा आधार त्याला लागतो, आणि त्या आधारानेच ते हळूहळू शिकते.

'असे का केलेस' या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे खरोखरच नसते. तो खोटे बोलत नाही. त्यातून तो प्रश्न घटना घडून सहा-सात तास झाल्यावर विचारला जातो, म्हणजे त्याच्या हाती उरतो तो फक्त आईचा नाराज चेहरा. 'का' बाजूला ठेवून 'केव्हा' आणि 'त्याच्या आधी काय चालले होते' याचा शोध आपण मोठ्यांनी घ्यावा. एका वहीत तीन रकाने आखा: आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर काय झाले. बाईंना विनंती करा की 'मस्ती केली' किंवा 'ऐकत नाही' असा निकाल लिहिण्याऐवजी वेळ आणि जागा लिहावी. 'मधल्या सुट्टीनंतर नळापाशी, मागचा मुलगा अंगावर रेलला तेव्हा ढकलले', एवढे एक वाक्य दहा शेऱ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते. थोड्याच दिवसांत त्या रकान्यांतून एखादी गोष्ट वर येऊ लागते. माझ्या अनुभवात बहुतेक प्रसंग मोजक्याच जागी घडतात: सुट्टी संपून रांग लागताना, एक काम थांबवून दुसरे सुरू होताना, आणि शेवटच्या तासाला, जेव्हा मुले दमलेली व भुकेलेली असतात.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. 'वह्या मिटा' असे म्हटले की तो हाताला येईल ते फेकत असे. नीट पाहिल्यावर लक्षात आले की त्याचे चित्र नेहमी अर्धे राहिलेले असे आणि अर्धे चित्र मिटायचे त्याला सहनच होत नसे. मग मी वह्या गोळा करण्याच्या थोडे आधी त्याच्या बाकापाशी जाऊन उभी राहू लागले. चित्रावर बोट ठेवून हलक्या आवाजात सांगायची, 'एवढी दोन पाने रंगव, उरलेले झाड उद्या.' वह्या कपाटात नेऊन ठेवण्याचे काम त्याच्याकडे दिले, म्हणजे त्याची वही सर्वांत शेवटी मिटायची. फेकाफेक एकदम थांबली नाही, दिवाळीपर्यंत अधूनमधून चालूच होती. पण तिचे प्रमाण उतरत गेले आणि मुख्य म्हणजे इतर मुले त्याला घाबरेनाशी झाली.

प्रत्यक्ष उद्रेक चालू असताना उपदेश करू नये, कारण त्या वेळी कानावर काही पडत नाही. इतर मुलांना दूर घ्यावे, आपण खाली बसून त्याच्या उंचीला यावे, शब्द कमी आणि आवाज खालचा ठेवावा. तो बाकाखाली जातो ही मला वाईट खूण वाटत नाही. गोंगाटापासून दूर जाण्याची एक जागा त्याने स्वतःच शोधली आहे. हात धरून ओढून काढले तर तीही जागा जाते आणि मग चावणे-ओरबाडणे होते. वर्गाच्या एका कोपऱ्यात चटई, थोडी माती किंवा कणकेचा गोळा आणि एक-दोन चित्रांची पुस्तके ठेवली, आणि तिथे बसणे ही शिक्षा नाही हे सर्व मुलांना ठाऊक असले, तर बाकाखाली जाण्याची गरज उरत नाही.

शांत होण्याचा सराव मात्र शांत वेळी करायचा असतो. आमच्याकडे परिपाठानंतर मुले बाकावर कापसाचा बोळा ठेवून तो हळूहळू फुंकत पलीकडे नेतात. जोरात फुंकले की तो खाली पडतो, म्हणून श्वास आपोआप लांब होतो. राग येताना अंगात काय होते, हेही विचारते. मुले फार नेमके सांगतात: कान गरम होतात, मुठी आवळतात, पोटात गोळा येतो. हे ओळखता येऊ लागले की एखादे दिवशी मूल हात उगारण्याआधी बाईंकडे येते. त्या दिवशी त्याला जवळ घेऊन, काय बरोबर केले ते शब्दांत सांगावे.

चॉकलेटबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी गुजरातमधील भावनगरच्या बालमंदिरात काम करताना भय आणि लालूच या दोन्हींना विरोध केला होता. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला जे काम उभे केले, त्यातही गाणी, हालचाल, हाताला काम आणि मुलाच्या परिसरातल्या वस्तू यांनाच महत्त्व होते. मूल बक्षिसासाठी एखादा दिवस स्वतःला दाबून ठेवू शकते, पण राग आल्यावर काय करायचे हे त्यातून ते शिकत नाही. धपाट्याचेही तेच आहे. उलट मोठ्या माणसाने चिडून लहानाला मारायचे असते, एवढाच धडा त्यातून मिळतो.

उत्तर – दुसरीतल्या मुलीचे वडील, नाशिक

मी या प्रसंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. गेल्या वर्षी माझ्या मुलीला तिच्या वर्गातला एक मुलगा वारंवार ढकलत असे आणि ती सकाळी पोट दुखते म्हणून रडू लागली होती. बाईंनी वर जे लिहिले आहे त्याबद्दल आदर आहे, पण सगळे लक्ष रागावणाऱ्या मुलाकडे गेले की ज्याला लागले ते मूल एकटे पडते, हे सांगणे मला आवश्यक वाटते. माझ्या मुलीला त्या मुलाला शिक्षा व्हावी असे वाटत नव्हते. 'पुन्हा झाले तर बाई लगेच येतील' एवढी खात्री तिला हवी होती. तिच्या वर्गशिक्षिकेने पुढे प्रत्येक प्रसंगी आधी तिच्याकडे जायचे, कुठे लागले ते पाहायचे, आणि मग त्या मुलाकडे वळायचे असा क्रम ठेवला. दोघांची बसण्याची जागा लांब केली. तिला 'नको, लांब हो' असे मोठ्याने म्हणायला शिकवले. त्यामुळे तिची भीती गेली.

त्या काळात सर्वांत जास्त नुकसान झाले ते पालकांच्या व्हॉट्सॲप गटामुळे. तिथे त्या मुलाचे नाव घेऊन चर्चा झाली, ती घराघरांत मुलांच्या कानांवर गेली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशेजारी कोणी बसेना. नंतर तो न ढकलताही त्याच्यावर आळ येऊ लागला. म्हणून ताई, तुम्ही गटात खुलासा देत बसू नका. ज्या मुलीला चावले तिच्या आई-वडिलांशी वर्गशिक्षिकांच्या मार्फत भेटून दोन शब्द बोला; त्या घरालाही बरे वाटेल. मुलाकडून जबरदस्तीने 'सॉरी' वदवून घेण्यापेक्षा त्याने काहीतरी भरून द्यावे असे मला वाटते. वही फाडली असेल तर ती चिकटवायला बसावे, पाणी सांडले असेल तर फडके आणावे.

बाईंच्या एका सूचनेबद्दल मात्र शंका आहे. पन्नास मुलांच्या वर्गात रिकामा कोपराच नसतो आणि एकट्या बाईंनी एका मुलापाशी खाली बसायचे तर उरलेल्यांकडे कोणी पाहायचे? आमच्या शाळेत वर्गाबाहेर बसणाऱ्या मावशींना यात घेतले गेले. बाईंनी खूण केली की मावशी त्या मुलाला घेऊन झाडांना पाणी घालायला जात आणि थोड्या वेळाने परत आणत. पैसा लागला नाही, फक्त मावशींना आधी नीट समजावून सांगावे लागले.

उत्तर – शालेय समुपदेशक, पुणे

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. आजार आणि डॉक्टर हा भाग मी घेते.

शाळेने डॉक्टरांचे पत्र मागितले ती पद्धत योग्य नव्हती, पण बालरोगतज्ज्ञांना एकदा अवश्य दाखवावे. त्यात प्रथम कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या लहान मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठते, दुखत नाही, पण ऐकू कमी येते. असे मूल गोंगाटात सूचना ऐकू न आल्याने मागे पडते, अचानक कोणी अंगाला हात लावला की दचकून ढकलते, आणि 'ऐकत नाही' असा शेरा त्याच्या नावावर लागतो. त्यासोबत दृष्टी, रक्तातील लोह, बद्धकोष्ठता आणि रात्री घोरणे यांचीही विचारणा डॉक्टरांकडे करावी. यांपैकी प्रत्येक गोष्टीने मूल चिडचिडे होऊ शकते.

झोपेबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते, त्याहून लहानांना आणखी थोडी जास्त. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होते. मात्र शाळा नऊची असली तरी व्हॅन पावणेआठला दारात येत असेल आणि घरात रात्री अकरापर्यंत दिवे व टीव्ही चालू असेल, तर त्या निर्णयाचा लाभ मुलापर्यंत पोहोचत नाही. वागणुकीवरचे इतर कोणतेही उपाय करण्याआधी झोपेची वेळ अलीकडे आणून पाहावी, असे मी प्रत्येक पालकांना सांगते.

एडीएचडीची (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) शंका आजकाल फार लवकर बोलून दाखवली जाते. त्याचे निदान करताना लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. तुमचा मुलगा घरी व खेळताना नीट वागतो आणि त्रास गणपतीनंतर सुरू झाला आहे, त्यामुळे मी आधी शाळेतल्या परिस्थितीकडे आणि त्याच्या आयुष्यातल्या बदलाकडे पाहीन. हा मुलगा आजी-आजोबा, अंगण, ताई आणि ओळखीची मराठी यांपासून एकाच जूनमध्ये दूर आला आहे. गणपतीला तो गावी जाऊन आला असेल, तर त्यानंतरच त्रास सुरू व्हावा हे मला समजण्यासारखे वाटते. त्याला आजीची आठवण येते का, असे थेट विचारू नका. आजीला फोन लावून त्याला निवांत बोलू द्या, आणि पुढची भेट केव्हा आहे ते कॅलेंडरवर त्याच्याच हाताने गोल करून ठेवा.

बोलणे स्पष्ट नसणे, डोळ्याला डोळा न देणे, इतर मुलांत अजिबात न रमणे, आधी येत असलेल्या गोष्टी विसरणे, स्वतःला इजा करून घेणे, यांपैकी काही दिसत असेल तर मात्र थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून मुलांची तपासणी होते, आणि त्यातून पुढे पाठवलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथे वाचा, श्रवण आणि मानसशास्त्र या तिन्हींची तपासणी एकाच ठिकाणी होऊ शकते. घरच्या मोठ्या माणसांना ताण असह्य झाला तर टेलीमानस या शासकीय मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आईची दमछाक हाही या प्रश्नाचाच भाग आहे.

शाळेच्या भेटीबद्दल. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे, आणि कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेला आहे आणि तुमचा मुलगा डिसेंबरात सहाचा होतो, तेव्हा अक्षरावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण वर्गाबाहेर उभे करणे थांबावे, ही विनंती ठामपणे आणि लेखी करा. भेटीला कलमांपासून सुरुवात करू नका. वर्गशिक्षिका पन्नास मुले सांभाळत आहेत, हे आधी मान्य करा, आणि मोजक्याच गोष्टी मागा: त्याला पुढच्या बाकावर बसवावे, सूचना इंग्रजीनंतर एकदा मराठीत सांगावी, आणि काम बदलण्याआधी त्याला एकट्याला पूर्वसूचना द्यावी. यापेक्षा जास्त मागितले तर काहीच होत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्त्या आईचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर पुन्हा लिहीत आहे.

वर्गशिक्षिकांना मी एकटीच भेटले, मुख्याध्यापकांच्या खोलीत नव्हे तर शाळा सुटल्यावर वर्गात. त्यांनी वेळ व जागा लिहिण्याचे मान्य केले. त्या नोंदी वाचल्यावर दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. एक म्हणजे मधल्या सुट्टीनंतर नळापाशी होणारी रेटारेटी. दुसरी म्हणजे फळ्यावरचे उतरवून पूर्ण व्हायच्या आत वही गोळा केली जाणे. चावण्याचा प्रसंगही त्यातलाच होता; ती मुलगी त्या दिवशी वह्या गोळा करत होती आणि तिने त्याच्या हाताखालून वही ओढली होती. आता त्याला दुसऱ्या बाकावर बसवले आहे आणि पाणी प्यायला तो सुट्टी संपण्याच्या थोडे आधी जातो. वही पूर्ण झाली नाही तर बाई त्या जागी पेन्सिलीने खूण करून देतात आणि उरलेले घरी लिहायला सांगतात. त्या मुलीच्या आईलाही भेटले. सुरुवातीला त्या तुटक बोलल्या, पण भेटल्याचे बरे झाले.

डॉक्टरांनी कान तपासले. डाव्या कानात पडद्यामागे थोडे पाणी आहे. औषधाची घाई नको, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू असे त्यांनी सांगितले आहे. त्यामुळे तो वर्गाकडे तोंड केलेल्या बाईंच्या डावीकडे नव्हे तर उजव्या हाताच्या रांगेत बसतो, म्हणजे त्याचा उजवा कान वर्गाच्या मध्याकडे राहतो. झोपेबद्दलचा अंदाज खराच होता. त्याचे बाबा उशिरा येतात म्हणून तो जागत असे. आता सकाळी व्हॅन येण्याआधी दोघे एकत्र दूध घेतात आणि रात्री नऊच्या सुमारास तो झोपतो. ढकलण्याचे प्रसंग अजून होतात, पण बाकाखाली जाणे बरेच कमी झाले आहे. सासूबाईंशी तो रोज फोनवर बोलतो, आणि धपाट्यांचा विषय त्यांनीही पुन्हा काढलेला नाही.

आता काळजी आहे ती दिवाळीची. पंधरा दिवस गावी राहून आल्यावर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल का?

उत्तर – जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका (पहिली-दुसरी)

थोडे होईल, असेच धरून चाला. मोठ्या सुट्टीनंतर सगळ्याच मुलांचे पहिले काही दिवस जड जातात. शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री परत येऊ नका; मध्ये दोन-तीन दिवस राहू द्या आणि त्या दिवसांत झोपण्या-उठण्याची वेळ शाळेची ठेवा. गावाहून त्याने एखादी लहानशी वस्तू आणावी, कवड्या किंवा आजीने शिवलेला रुमाल, आणि ती दप्तराच्या आतल्या कप्प्यात राहू द्यावी. बाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर ती पहिल्याच दिवशी जप्त होईल. पहिल्या आठवड्यात शक्य असेल तर व्हॅनऐवजी तुम्ही किंवा त्याचे बाबा सोडायला जा. नोंदींची वही बंद करू नका. पुन्हा प्रसंग वाढले तर आधीच्या दोनच जागा आहेत की नवीन एखादी निघाली, हे त्यातूनच कळेल. कानाची तीन महिन्यांनंतरची तारीख जानेवारीच्या आसपास येत असेल. त्या सुमारास स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू असतात आणि वर्गातला आवाज दुप्पट होतो, तेव्हा ती तारीख पुढे ढकलू नका.